पहिल्या बाकावर सासूबाई

ती. वन्सं यांना,

सप्रेम नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून बजावलंय आणि तरी तुम्ही गच्चीत जाऊन झाडांना पाणी घालता, हे तुमच्या बंधुराजांकडून कळतं. इकडे आम्ही सगळे ठीक. ('ठीक' हा शब्द मी तीनदा खोडून पुन्हा लिहिलाय, कारण विषय तुमच्या आईंचा आहे.)

शिलाईचं दुकान बंद केल्यावर त्यांना घर खायला उठलं होतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतलेल्या हाताला चैन पडेना. घरातल्या पडद्यांची मापं झाली, उशांची झाली, मग शेजाऱ्यांच्या कुत्र्याला कोट झाला. (तो कुत्रा आता आमच्या दारावरून जात नाही, पलीकडून वळसा घालतो.) शेवटी मीच, होय, मीच बोलून गेले की आमच्या विद्यापीठात साठीपुढच्यांना हव्या त्या वर्गात बसता येतं, काहीतरी शिका. मला वाटलं, चित्रकला घेतील. त्यांनी अर्ज भरला संख्याशास्त्रातल्या लिनिअर मॉडेल्सचा, म्हणजे माझ्याच विषयाचा. घरात शिकवणारी असताना परक्याकडे कशाला जायचं, म्हणे.

विषय तसा काही आकाशातून पडलेला नाही. एका मापावरून दुसऱ्याचा अंदाज बांधायचा, समजा उंचीवरून हाताच्या लांबीचा. त्यासाठी कागदावर ठिपके मांडून त्यांच्यातून सरळ रेष काढायची आणि कुठला ठिपका रेषेपासून किती लांब पडला ते बघायचं. एवढं सांगायला मी अख्खा आठवडा घेते. आई पहिल्या तासाला उठून म्हणाल्या की हे तर मी रोज करत होते, फक्त कापडावर. वर्ग खदखदून हसला. वर हुकूम आला, "सूनबाई, आकडे जरा मोठे काढ, मागच्या पोरांना दिसत नाहीत." अकरा वर्षं त्या वर्गात मी 'मॅडम' होते, वन्सं. दुसऱ्या दिवसापासून व्हरांड्यात पोरं माझ्यामागे 'सूनबाई आल्या' असं कुजबुजायला लागली.

तिसऱ्या आठवड्यात त्या दुकानातल्या मापांच्या वह्या पिशवीत भरून घेऊन आल्या. तेवीस वह्या! पुस्तकातली शिळी उदाहरणं बघून जांभया देणारी पोरं त्या वह्यांवर तुटून पडली आणि दोन दिवसांत सगळे आकडे कॉम्प्युटरवर चढवून मोकळी झाली. रेष काढली. सुरेख आली. फक्त एक ठिपका पार खाली, एकटा. मी नेहमीच्या सवयीने म्हटलं, असा विचित्र ठिपका बहुधा लिहिताना झालेली चूक असते, काढून टाकू. आई उभ्या राहिल्या.

"चूक? तो आमचा पोस्टमन आहे. लहानपणी झाडावरून पडला, उजवा हात चार बोटं आखूड राहिला. त्याला काढून टाकलास तर त्याचा शर्ट कोण शिवणार?"

यावर अर्धा तास वाद. मी सिद्धान्त सांगतेय, त्या मला पोस्टमनच्या आईचं नाव-गाव सांगतायत, आणि साठच्या साठ पोरं पोस्टमनच्या बाजूने. चाचणीत निम्म्या वर्गाने रेषेबाहेरच्या ठिपक्याला 'पोस्टमन' असंच लिहिलं. मी तांबड्या शाईने खोडत बसले.

आणि मग विभागप्रमुख माझा तास बघायला आले. माझी बढती त्यांच्या एका शेऱ्यावर अडकली होती. शेवटच्या बाकावर बसले, वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. मी तीन दिवस तयारी केली होती. शर्टाला कापड किती लागेल याचा अंदाज बांधायचा, त्यासाठी डाव्या हाताची लांबी घेतली, उजव्या हाताची घेतली, आणि जरा छाप पडावी म्हणून दोन्हींची बेरीजही घेतली. बटण दाबलं. पडद्यावर तांबडी ओळ आली आणि गाडं ठप्प. पुन्हा दाबलं. पुन्हा तांबडी ओळ. मी वायरला दोष दिला, मग विजेला. आई पहिल्या बाकावरून हातवारे करत होत्या, ते मला दिसत नाहीत असं मी दाखवत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"अगं, डावा सांगितलास, उजवा सांगितलास, मग बेरीज सांगून नवं काय सांगितलंस? ते बिचारं गोंधळणार नाही तर काय करणार?"

बरोबर होतं. अगदी हेच, याच चुकीबद्दल, मी दरवर्षी पोरांना तंबी देते. बेरजेचा रकाना पुसला, उत्तर आलं. टाळ्या पडल्या, त्यांना. खोटं कशाला सांगू, तास संपल्यावर मी रिकाम्या स्टाफरूममध्ये नुसती बसून राहिले. जे मला पाठ होतं, ते त्यांना कळलं होतं.

प्रमुखांनी शेरा लिहिला की इतक्या जाणत्या विद्यार्थिनी घडवणाऱ्या शिक्षिकेला बढती द्यावी. मिळाली. आता आई भाजीवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगतात, सुनेला मी पास केलं.

तर वन्सं, हात जोडून विनंती, हे सत्र संपेपर्यंत त्यांना तुमच्याकडे घेऊन जा. माझ्याने होत नाही.

तुमची भावजय

ता. क. : नियमाप्रमाणे घरच्या माणसाचा पेपर मला तपासता येत नाही. म्हणून सत्रामधल्या परीक्षेचा त्यांचा पेपर बाहेर पाठवला होता. शंभरात पंचाऐंशी मिळाले. मी त्यांच्या आताच्या वयाच्या एक तृतीयांश होते तेव्हा मला याच पेपरात एकसष्ट होते. हे तुमच्या भावाला माहीत नाही, कळवू नये.

आणखी एक : त्यांना न्यायचं राहू द्या. वाढत्या वयात उंचीबरोबर हात कसा वाढतो यावर आम्ही दोघी मिळून एक शोधनिबंध लिहितोय. (पहिलं नाव कुणाचं यावर चार दिवस बोलणं झालं. मी हरले.) फक्त चोविसावी वही मिळत नाही. आई म्हणतात, तुम्ही लग्नात ती लपवून नेलीत, कारण तिच्यात सहाव्या वर्षापासून लग्नापर्यंतची तुमची सगळी मापं आहेत. एकच माणूस वर्षानुवर्षं वाढताना दुसऱ्या कुठल्याच वहीत सापडत नाही, आणि आमचं सगळं तिथेच अडलंय. तेवढी वही कृपा करून रजिस्टर पोस्टाने पाठवा. कंबरेचा रकाना कापून काढलात तरी चालेल, आम्हाला फक्त हात हवेत.