सकाळी मी सोंग करत नव्हते

चिमणे,

शेजारच्या शिंपीणबाईंबरोबर दवाखान्यात जातेय. जेवण झाकून ठेवलंय. गॅस त्यांनीच पेटवला, मी हात लावला नाही.

सकाळी तू कामाला निघताना मी विचारलं, "कोण गं तू? माझ्या घरात काय करतेस?" तू म्हणालीस, "चोर आहे आजी, तुझी कवळी न्यायला आलेय," आणि हसत गेलीस. तुझी चूक नाही. रोज मीच असली सोंगं करते. मी वाघाला चपलेनं हाणलं होतं, हे तू कॉलेजात जाईपर्यंत खरं मानलंस.

पण आजचं सोंग नव्हतं. तू आंघोळीला गेलीस तेव्हा मला खुर्चीतच फीट आली. त्यानंतर तू कोण, ते खरंच आठवेना. तू चोर म्हणालीस, मला पटलं. कडी लावून लाटणं धरून बसले होते. शिंपीणबाईंनी खिडकीतून हाका मारल्या, मग हळूहळू एकेक आठवत गेलं. तुझं नाव सगळ्यात शेवटी आलं.

डॉक्टर म्हणतात, हे विसरणं तेवढ्यापुरतं असतं. असेल. पण दर वेळी उशीर वाढतोय, आणि एकदा तू परत आठवणारच नाहीस असं वाटतं. इतक्या थापा मारल्या, पण याच्यावर एक सुचत नाही.

आजपासून सोंगं बंद. मी "कोण तू" म्हटलं की हसू नकोस. नात आहे म्हणून सांग. मी हाकललं तरी जाऊ नकोस.

आजी