बाविसाव्या पानावरची गोल खिडकी

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय सव्वीस, धंदा नक्की नाही, तूर्त मुक्काम इस्पितळ, वॉर्ड तीन, खाट अकरा, लिहून ठेवतो की आज मी पूर्ण शुद्धीवर आहे. उद्या सकाळी दहाला मला बेशुद्ध करणार आहेत, म्हणून आजच उरकतो. ऑपरेशन हर्नियाचं. डॉक्टर म्हणाले, "अगदी साधं आहे." साधं म्हणून सांगितलेलं एकही काम मला आजवर जमलेलं नाही, म्हणून हा कागद. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. उलट शेजारच्या खाटेवरचे आजोबा दोनदा म्हणाले, "बास कर रे आता, पेन फार करकरतंय तुझं."

कलम १. स्थावर काही नाही. जंगम म्हणाल तर मीच.

कलम २. पाठीवरची पिशवी आणि एकट्याचा तंबू धाकट्या बहिणीला. तिला घरून कुठेही एकटीला सोडत नाहीत, म्हणून मुद्दाम. पिशवीचा उजवा पट्टा तुटलाय. तो तिनेच शिवून घ्यावा. मी आळशी आहे असं ती म्हणते, त्याला हा पुरावा.

कलम ३. एक टाक, दोन ब्रश आणि अर्धी बाटली काळी शाई मामाच्या टेबलावर परत ठेवावी. ती त्याचीच आहे. मी "जरा घेतो" म्हणून घेतली आणि अकरा महिने फिरवली. फेरीबोटीवर दोर ओढायला होतो, मग एका हॉटेलात भांडी, मग गोदामात खोकी. हर्निया तिथलाच. पण विषय शाईचा होता.

कोणी परक्याने हे वाचलं तर त्याच्यासाठी: माझी मामी चित्रकथा लिहिते आणि त्यातली माणसं काढते. मामा मागच्या भिंती, जिने, गर्दी काढायचा. कथेतल्या लिफ्टला मजल्यांऐवजी वर्षांची बटणं आहेत, आणि लिफ्ट चालवणारी बाई माणसांना हव्या त्या सालात सोडून येते. मामा दर भागात मागे काहीतरी लपवायचा. लिफ्टचा नंबर ४१७, कारण त्या नंबरची बस दोघांचीही चुकली आणि स्टॉपवर ओळख झाली. प्रत्येक गर्दीत पाठमोरं टक्कल दिसतं, ते त्याचं स्वतःचं. वाचक या खुणा शोधतात, एकमेकांना कळवतात. चौथ्या भागापासून मी हाताखाली होतो.

कलम ४. खुणा शोधणाऱ्यांचे म्होरके म्हणजे रसायनशास्त्राचे निवृत्त मास्तर. त्यांच्या वहीत एक्केचाळीस खुणा आहेत. त्यांना मी खरी यादी ठेवून जातो. एकोणतीस मामाच्या. बाकी बारा माझ्या चुका. चौथ्या भागातला तीन पायांचा कुत्रा म्हणजे भूत, वर्तमान आणि भविष्य असं मास्तरांनी चार पानी पत्रात सिद्ध केलंय. मास्तर, मी चौथा पाय विसरलो होतो. पाचव्या भागात बाईचं घड्याळ डाव्या हातातून उजव्या हातात गेलं, तो उलटा काळ नाही. मी फोनवर बोलत होतो. तुमच्यावर माझा राग एवढाच, की तुम्ही माझ्या हलगर्जीपणाला इतका मान दिलात की मला सुधारायची गरजच वाटली नाही.

कलम ५. हे कलम टाळण्यासाठीच वरची चार लिहिली.

नवव्या भागाची बावीस पानं मामाने पेन्सिलीत काढली, एकवीस शाईने पक्की केली आणि तो गेला. दोन आठवड्यांनी मामीने बाविसावं पान माझ्यापुढे ठेवलं. "त्याच्या रेषांवरून फक्त शाई फिरव. स्वतःचं काही घालू नकोस." मी हो म्हणालो आणि चहाचा पेला मूळ पानावरच ठेवला. उचलला तर लिफ्टच्या भिंतीवर, वर उजवीकडे गोल डाग. पांढरा रंग लावला, पिवळं वर आलं. आणखी लावला, कागद फुगला. शेवटी त्या गोलाभोवती शाईने चौकट काढली आणि खिडकी केली. आत पांढरं सोडलं, म्हणजे दिवा लागलेला.

भाग छापून आला. आठवड्यात मास्तरांचा फोन. लिफ्टच्या भिंतीला आधीच्या आठ भागांत कधी खिडकी नव्हती. ही मामांची शेवटची खूण. ते तिथे दिवा लावून वाट बघतायत. मामीने भिंग घेऊन ते पान कितीतरी वेळ पाहिलं. मग हसली. मामा गेल्यानंतर पहिल्यांदाच.

"बघ, जाता जाता पण लपवाछपवी सोडली नाही यानं."

मी शेजारीच उभा होतो. हातात तोच पेला.

"चहा घेतेस?" मी विचारलं. एवढंच सुचलं. दुसऱ्या दिवशी पिशवी भरली.

परत आलो तो दहावा भाग जवळजवळ तयार. बाई त्या गोल खिडकीपाशी लिफ्ट थांबवते, उतरते आणि परत येत नाही. मामी म्हणाली, "शेवटचं पान राहिलंय. ते झालं की टेबल विकते. तो जिथे थांबलाय तिथे मी पण थांबते." पानं शुक्रवारी छापखान्यात जातील. आज बुधवार.

मला ती लिफ्ट मिळाली असती तर मागे जाऊन पेला उचलला असता, असं लिहिणार होतो. खोटं आहे. मी वाटेत कुठल्यातरी भलत्याच सालात उतरलो असतो आणि तिथे मला कोणी खोकी उचलायला लावली असती.

मामी, ती खिडकी मामाची नाही. माझी आहे. त्याने तिथे नुसती भिंत काढली होती.

कलम ६. मामीला मी काही ठेवत नाही. कोपऱ्यावरचा टायपिस्ट म्हणाला, "ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही." मला साक्षीदार म्हणून तीच हवी. तो असंही म्हणाला, "साक्षीदाराने वाचायची गरज नसते, तुम्ही सही करताना पाहिलं की झालं." पण माझी अट आहे की तिने आधी सगळं वाचावं. मी मेल्यावर तिला हे कळावं इतकाच धीर माझ्यात होता. मी जिवंत असताना कळावं, म्हणून ही पळवाट उलटी वापरतो. ती चारला भेटायला येईल. मी पांघरूण डोक्यावरून घेऊन पडलेला असेन.

ठिकाण: वॉर्ड तीन, खाट अकरा.
दिनांक: बुधवार, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी.
लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार १: वॉर्डातली नर्स. (सही) याने माझ्यासमोर सही केली. नाडी जलद आहे.

साक्षीदार २: मामी.
सगळं वाचलं. डागाचं मला माहीत नव्हतं. वाईट वाटलं, अजून वाटतंय. मला त्याचा निरोप आलाय असं वर्षभर धरून बसले होते. पण आता तिथे लिफ्ट थांबवायची म्हणजे तुझ्या पेल्यापाशी थांबायचं, आणि तेवढा तुझा मान नाही. लिफ्ट पुढे जाईल. कुठे, ते सुचलेलं नाही. छापखान्याला कळवलं, शुक्रवारी पानं येत नाहीत म्हणून. मागच्या भिंती काढायला माणूस लागेल.
पांघरूण काढ, नर्स हसतायत.
सही मी आज करत नाही. दोन सह्यांशिवाय हा कागद चालत नाही म्हणतात, तेव्हा उद्या तुला मरता येणार नाही.