एक काढली, एक राहिली

प्रिय सुदेश,

तू हसशील, पण कालपासून मी तुझ्या त्या काळ्या डब्यासमोर पाट टाकून बसले आहे. टीव्हीखालचा तुझा स्टोरेजचा डबा, रिया ज्याला ‘बाबाचा डबा’ म्हणते, त्यातल्या दोन डिस्कपैकी दुसरीचा दिवा परवा लाल झाला. मोबाइलवर इशारा आला, डिस्क खराब होते आहे, बदला. लग्नाच्या फोटोंचं मला फारसं सोयरसुतक नाही, त्यात माझं नाक तसंही भलतंच मोठं आलंय. पण दर खेपेला बोटीवर जाण्याआधी तू रियासाठी बोलून ठेवलेल्या गोष्टी त्यातच आहेत, सगळ्या त्रेसष्ट, आणि दुसरीकडे कुठेही नाहीत. रोज देवाकडे दिवा लावून झाला की ती टीव्हीसमोर मांडी घालून बसते आणि तू तिला गोष्ट सांगतोस. त्या गेल्या तर तिला मी काय सांगणार होते?

दोन्ही डिस्कवर सारखंच असतं, एक गेली तरी दुसरी आहे, असं तू म्हणाला होतास. ऐकायला किती बरं वाटलं होतं! मालवणात अजयच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले तर त्याने पहिलंच विचारलं, दोन्ही एकदमच घेतल्या होत्या काय? म्हटलं हो, एकाच दिवशी, सात वर्षं झाली. त्याचा चेहराच उतरला. “मगे वैनी, जपान करा. एक थकली म्हणजे दुसरीय थकलेलीच आसतली. नवी बसयली काय जुन्येक सगळा वाचून नव्येर उतरवचा लागता, तेच्यातच ती जुनी बंद पडता. आधी भायर एक कॉपी काढा, मगे हात लावा.” वर म्हणाला, खाऱ्या वाऱ्यात सात वर्षं टिकल्या हेच खूप. धीर द्यायची ही त्याची पद्धत.

मग काल सकाळी वेगळी डिस्क जोडून गोष्टी उतरवायला घेतल्या. एकेचाळीस झाल्या आणि लाईट गेली. इन्व्हर्टर आहे म्हणून मी निवांत होते, तर डबाही बंद! गणपतीत मखराच्या लायटिंगसाठी त्याचा इन्व्हर्टरवरचा प्लग मीच काढून साध्या लाईटवर लावला होता, तो विसर्जनानंतर परत तिकडे लावायचाच राहिला. म्हणजे खापर फोडायलाही दुसरं डोकं नाही. लाईट आली, डबा सुरू झाला, पण ती लाल दिव्याची डिस्क काही उठली नाही. बावीस गोष्टी तिच्या म्हाताऱ्या जुळ्या बहिणीवर राहिल्या. तुला मेसेज टाकला. तो गेलाच नाही. मग एकेक गोष्ट उतरवत गेले. एखादी मध्येच अडली की माझा श्वासही अडायचा. इतकी मी बाळंतपणातही घाबरले नव्हते.

आज सकाळी त्रेसष्टावी उतरली. सगळ्या उघडून पाहिल्या, मगच मेलेली डिस्क काढली. पहिली कुठली, दुसरी कुठली हे सांगणारं वरचं स्टिकर दमटपणाने सुटलं होतं, म्हणून ओढण्याआधी टॉर्च लावून नंबर चारदा ताडून पाहिला. नवी बसवली, दुपारपर्यंत तीही भरली. आता गोष्टी तीन ठिकाणी आहेत. खरं तर आता उरलेली जुनीही बदलायला हवी, अजयने तिच्यासाठी दुसरी नवी देऊनही ठेवली आहे. पण तिला मी हात लावणार नाही. ती तू येऊन बदल. सगळं वाचलं, तरी माझी भीती काही कमी होत नाही, सुदेश.

कारण तुझ्याकडे मेसेज पोचत नाहीत त्याला आज नऊ दिवस झाले. गुरुवारी मुंबईहून कंपनीच्या माणसाचा फोन आला, लढाईच्या टापूतून जाताना बोटीशी संपर्क तुटलाय, घाबरू नका, कळलं की कळवू. आईंना मी सांगितलं नाही, तिकडे रेंज नसते म्हटलं. म्हणून हे कागदावर लिहिते आहे, कुठे पाठवायचं ते माहीत नसताना. दुपारी आईंना हाक मारून म्हटलं, वाचलं सगळं. तर त्या नारळ घेऊन आल्या, डब्यासमोर ठेवला आणि पदर सावरून चक्क देवाला गाराणं घालायला लागल्या. गाराणं पुरुषांनीच घालायचं म्हणणाऱ्या तुझ्या आई! मशीनला कसलं गाराणं, म्हणून मला हसू येत होतं. “बा देवा रामेश्वरा म्हाराजा, ह्या सुनेन आज जा काय केल्यान, ता गोड मानून घे.” इथे त्या थांबल्या, आणि आवाज बदलला. “आणि माझो झील सुदेश नऊ दिस खंय आसा, ता माका कोण सांगणा नाय. जंय आसात थंय तेच्या पाठीशी उभो रव, आणि तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा.” रिया शाळेत होती. गाराण्याला बाकीच्यांनी होकार द्यायचा असतो, आणि घरात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसले, हात जोडले आणि जमेल तेवढ्या मोठ्याने म्हटलं, व्हय म्हाराजा.

तुझीच, वाटेकडे डोळे लावून बसलेली,
किशोरी