शेऱ्याचा रकाना

चऱ्होली
रविवार, १२ जानेवारी २०२५

ती. आप्पांना,
विजूचा सविनय जय भीम. वि. वि. तुमचं पत्र पोचलं. कानाचं मशीन अजून डब्यातच आहे असं इंदुआत्या कळवते. ठेवा, ठेवा. तुमच्या बहिणीची बडबड ऐकू येऊ नये म्हणून तुम्ही ते घालत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. व्हॉट्सअ‍ॅप घ्या म्हटलं तर कागद उशाखाली ठेवता येतो, म्हणता. म्हणून बसले लिहायला.

कॉलेजात बरं चाललंय. म्हणजे माझी नेमणूक मेपर्यंतचीच आहे आणि पुढचं कुणी बोलत नाही. दिवाळीनंतर शेवटच्या वर्षाची मुलं चाकण-भोसरीच्या कंपन्यांत इंटर्नशिपला गेली आहेत. त्यांनी दर आठवड्याला कामाची डायरी इंग्रजीत लिहायची आणि मी तपासायची. चौसष्ट डायऱ्या! लाल पेनानं बोट रंगून जातं. ही मुलं मशीन उघडून पुन्हा जोडतील, पण इंग्रजीत चार ओळी लिहा म्हटलं की त्यांना घाम फुटतो.

त्यात एक रुपाली आहे, आपल्या परांड्याकडची. चाकणच्या एका प्रेसशॉपमध्ये पत्रा दाबून कापायच्या मशीनवर आहे. तुमचंच काम, म्हणून तिची डायरी मी आधी काढते. सुरुवातीला तिला एक वाक्य धड जमत नव्हतं. या आठवड्यात काय लिहिलंय बघा, मराठी करून देते: ‘पेडल एकदा दाबलं तरी माझं मशीन कधीकधी दोनदा खाली येतं. सुपरवायझर सर म्हणतात, सवय होईल. मी आता हात लवकर काढायला शिकले.’ चार चुका होत्या, त्या दुरुस्त केल्या आणि खाली शेरा दिला, गुड. तिच्या जिद्दीचं कौतुक वाटलं हो.

परवा भोसरीच्या स्टॉपवर धोंडीबाकाका भेटले. अजून तसेच, बोटं नसलेला उजवा हात खिशात आणि डाव्या हातात चहाचा ग्लास. एका सोसायटीत वॉचमन आहेत. तुझा बाप ज्योतीराम जिवंत आहे का, असेल तर गावी गेल्यापासून एक ओळ का लिहीत नाही, असं विचारत होते. एका प्रेसवर दोन पाळ्यांना राबलेली माणसं तुम्ही. लिहा की त्यांना चार ओळी.

गोळ्या वेळेवर घ्या. माया आहे तशीच असू द्या.
तुमची
विजू


वाशी, जि. धाराशिव
१७ जानेवारी, सकाळी

चि. विजूस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आत्ता आलं. शेजारच्या नेहाकडून याचा फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवतो आहे, कारण पोष्टाची वाट बघायला वेळ नाही.

त्या पोरीला मशीनवरून उठव. आज. आत्ता.

प्रेस दोनदा खाली येते म्हणजे तिचा क्लच सुटत नाही. ती कधी दोनदा येईल ते मशीनला पण ठाऊक नसतं. हात लवकर काढायला शिकले म्हणते. अगं, लवकर कुणी काढू शकत नाही. दहा दिवस काढेल, अकराव्या दिवशी पत्र्याचा तुकडा सरळ करायला बोट पुढं जाईलच, कारण काम करणाऱ्याचा हात आपोआप पुढं जातो. लई चांगला कामगार असेल तर आधी जातो.

नेहानं तुला दोनदा फोन लावला, तू उचलत नाहीस. क्लासात असशील. क्लास सोड. मला ऐकू येत नाही म्हणून मी बोलू शकत नाही, नाहीतर कंपनीलाच फोन केला असता.

खुशाली नंतर लिही, आधी जा.
आप्पा


चाकण, कंपनीच्या गेटसमोरची टपरी
१७ जानेवारी, दुपारी चार

ती. आप्पांना,
जय भीम. इथे बसून लिहिते आहे, नाहीतर हात गप्प राहत नाहीत. लिहून झालं की फोटो नेहाला पाठवते.

तुमचा कागद क्लास संपल्यावर पाहिला. व्हरांड्यात उभ्याउभ्या वाचला. स्टाफरूममध्ये जाऊन रुपालीची डायरी काढली. आप्पा, मागच्या आठवड्यातही तेच लिहिलं होतं. त्याच्याही मागच्या आठवड्यात. तीन वेळा त्या पोरीनं मला सांगितलं आणि तीनही वेळा मी तिची क्रियापदं दुरुस्त केली. एके ठिकाणी तर मार्जिनमध्ये लिहिलंय की अक्षर सुधारतंय. मी वाचतच नव्हते हो. डोळे ओळीवरून जात होते आणि चूक दिसली की पेन टेकत होतं, एवढंच.

तिचा फोन बंद. कामाला येणाऱ्यांचे फोन गेटवरच जमा करून घेतात. कंपनीच्या ऑफिसात कुणी उचलेना. विभागप्रमुखांकडे धावत गेले. ते म्हणाले की ही कंपनी दरवर्षी आपली चाळीस मुलं घेते, तुम्ही इंग्रजीच्या आहात, इंग्रजी बघा, यंत्रांचं आम्ही बघू. मी म्हटलं की मग आत्ता बघा. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे असं पाहिलं की मे महिना डोळ्यांपुढे उभा राहिला. तरी निघाले. भोसरीपर्यंत बस, पुढे शेअर रिक्षा. मोशीला गाड्या मुंगीच्या पावलानं. सबंध वाटेत मी माझ्या बोटावरची लाल शाई पुसत होते आणि ती जात नव्हती.

गेटवरचा गार्ड आत सोडत नाही. यादीत बघून म्हणाला, रुपाली नावाचं आज कुणी आलेलं नाही. मग दुसरा म्हणाला की सकाळी एका बाईला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, नाव माहीत नाही. कुठला दवाखाना, तेही माहीत नाही. साडेतीनला पहिली पाळी सुटली. एकेकीचा चेहरा बघत उभी होते. चेहरा कसला, आधी हातच बघत होते.

ती त्यात नव्हती.

तिच्या मैत्रिणीचा पत्ता मिळालाय, मेदनकरवाडीत दोघींची खोली आहे. तिकडे जाते. फार भीती वाटते आहे, आप्पा. आणि अजून एक. तुम्ही असं घाबरून मला कधीच लिहिलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा नाही. तुम्हाला यातलं काय माहीत आहे?
विजू


वाशी
१७ जानेवारी, दिवेलागणीला

चि. विजूस,
आशीर्वाद. नेहानं तुझं पत्र मोठं करून दाखवलं. पुढं काय झालं त्याचा अजून पत्ता नाही. इंदू दोनदा जेवायला बोलावून गेली. तू विचारलंस म्हणून सांगतो. तुझ्या आईलाही सांगितलं नव्हतं.

९६ सालची गोष्ट. आमच्या भोसरीच्या कंपनीत प्रत्येक मशीनला एक शिफ्ट बुक असायचं. पाळी संपली की माल किती काढला ते लिहायचं, शेवटच्या रकान्यात मशीनबद्दल शेरा द्यायचा आणि सही. बाहेरचे साहेब तपासायला येतात म्हणून शेरा इंग्रजीतच पाहिजे, असा हुकूम. मला इंग्रजी काय येतंय? एकच लिहिता यायचं, ओके. मी रोज ओके लिहायचो. कुणी मराठीत लिहिलं किंवा चुकीचं लिहिलं तर सुपरवायझर जेवणाच्या सुट्टीत वही सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा आणि पोरं खिदळायची. एकदा माझा नंबर लागला होता. तेव्हापासून ओकेशिवाय काही लिहिलं नाही.

त्या दिवशी प्रेस दोन वेळा अशीच डबल आली. एकदा तर माझ्या नखाला वारा लागला. पाळी सुटली. पुढची पाळी धोंडीबाची, तो यायला पाच मिनिटं उशीर. माझी बस हॉर्न देत होती. वही उघडली. काय लिहावं ते मराठीत डोक्यात होतं, मराठीतच लिहायला पाहिजे होतं. मला लाज वाटली. ओके लिहिलं, सही केली आणि बस धरली.

त्याची चार बोटं गेली. अर्ध्या तासात.

चौकशीला साहेबांनी वही पुढं केली. आधीच्या पाळीनं ओके लिहिलंय, म्हणजे मशीन ठीक होतं, म्हणजे चूक धोंडीबाची. मला विचारलं, हा शेरा तुझाच ना? मी मान हलवली. त्याला निष्काळजी म्हणून काढून टाकलं, भरपाई नाही, काही नाही. मी त्याच मशीनवर आणखी चौदा वर्षं काढली. कान त्यातच गेले. ते गेले ते बरंच झालं, असं मला कधीकधी वाटतं.

तू इंग्रजी शिकवायला लागलीस तेव्हा मी गावभर पेढे वाटले. का, ते आता तुला कळेल.

पोरगी सापडली का तेवढं कळव. मी ओट्यावरच बसून आहे.
आप्पा


चऱ्होली
सोमवार, २० जानेवारी

ती. आप्पांना,
जय भीम. रुपालीच्या दहा बोटांचा फोटो शुक्रवारीच नेहाला पाठवला होता. तुम्ही तो पुन्हा पुन्हा मागून मोजत होता, असं तिनं कळवलं. आता सगळं नीट लिहिते.

खोलीवर ती बॅग भरत बसली होती. दवाखान्यात नेली ती कॅन्टीनमधली बाई होती, चक्कर आली होती तिला. रुपालीला गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीनंतर येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. कारण बुधवारी पाळी संपताना तिनं तिथल्या वहीत शेऱ्याच्या रकान्यात इंग्रजीत लिहिलं की पेडल एकदा दाबलं तर मशीन दोनदा खाली येतं, चालवू नका. पुढच्या पाळीच्या बाईनं ते वाचून मशीनला हात लावायला नकार दिला. मशीन बंद ठेवावं लागलं, माल अडकला आणि साहेब भडकले. मला दारात बघून ती रडायलाच लागली. मी रागवायला आले असं तिला वाटलं.

मी विचारलं की एवढं धाडस कसं झालं. तर म्हणाली की मॅडम, ते वाक्य तुम्ही तपासून दिलेलं होतं ना, जसंच्या तसं उतरवलं, म्हणून कुणी हसेल अशी भीती नाही वाटली. आप्पा, मला तिच्यापुढे मान वर करवेना. तिला वाटतंय मी तिच्या पाठीशी होते. मी ते वाक्य वाचलंच नव्हतं, नुसतं सुधारलं होतं. शेवटी तिला तसं सांगितलं. तिनं उठून चहा ठेवला.

आज विभागप्रमुखांनी बोलावलं. म्हणाले की डायरीतली ती तीन पानं काढून नवी लिहून घ्या, म्हणजे तिचं सत्र वाया जाणार नाही आणि कंपनीही नाराज होणार नाही. माझ्या नेमणुकीचाही विचार करता येईल, असं जाता जाता म्हणाले. पण डायरी मी दिली नाही. तीनही ठिकाणचं गुड खोडलं, खाली लिहिलं की हा मजकूर मी वेळेवर वाचला नाही, तारीख घातली आणि सही केली. त्याच्या प्रती जोडून प्राचार्यांना आणि सरकारी कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयात अर्ज दिला. रुपालीला दुसरी कंपनी मिळेपर्यंत मी मागे लागणार आहे. मेनंतर माझं काय, ते ठाऊक नाही. भीती वाटते, खोटं कशाला सांगू. बाकीच्या त्रेसष्ट डायऱ्या पुन्हा वाचायला घेतल्या आहेत, या खेपेला पेन बाजूला ठेवून.

तुमचं पत्र वाचून आधी राग आला. धोंडीबाकाकांनी त्या एका हातानं मला सायकल शिकवली होती. मग माझा शेरा आठवला आणि रागवायला तोंड राहिलं नाही.

काळजी घ्या. माझ्यावर राग नसावा, माझाही फार दिवस टिकणार नाही.
विजू


वाशी
शनिवार, २५ जानेवारी

चि. विजूस,
अनेक आशीर्वाद. तू अर्ज दिलास ते वाचलं. मेनंतरचं मेनंतर बघू. इंदू म्हणते, पोरीला सांग गावाकडं यायला, इथंही शाळा आहेत. मी म्हणतो, तिथंच राहा. त्या त्रेसष्ट जणांचं कुणीतरी वाचायला पाहिजे.

धोंडीबाला चार ओळी लिही, असं तू म्हणाली होतीस. तीन दिवस कागद घेऊन बसलो. पहिली ओळसुद्धा होत नाही. आणि मला वाटतं होऊ पण नये. लिहूनच मी त्याचा घात केला, आता पुन्हा लिहून सुटायला बघणं बरं नाही. हे तोंडानं, त्याच्या समोर बसून सांगायचं आहे.

येत्या शुक्रवारी सकाळच्या एसटीनं निघतो. तू भोसरीला थांब आणि मला त्याच्याकडं घेऊन चल. या वयातही भ्यायला होतं हे मला माहीत नव्हतं.

कानाचं मशीन डब्यातून काढलं, पण सेल घालूनही नुसती घरघर येते. तेव्हा तो काय बोलेल ते मला ऐकू येणार नाही. तू माझ्या शेजारी वही घेऊन बस आणि तो बोलेल तसं लिहून मला दाखव. शिवी दिली तर शिवी लिही. मला वाईट वाटेल म्हणून काही गाळू नकोस आणि एक अक्षरही सुधारू नकोस.

तुझा
आप्पा