हरायला लागलं की बंद पडणारा संगणक

आदरणीय व्याहीबुवांना,

खुर्चीतून न उठता जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. (कंबर अजून ताळ्यावर आलेली नाही. कशामुळे, ते पुढे येईलच.) बाकी आम्ही दोघंही ठीक आहोत. तुमचं पथ्य, तुमचं सकाळचं फिरणं आणि त्या फिरण्याबद्दलची तुमची कुरकुर, तिन्ही नियमित चालू असल्याचं तुमच्या लेकीकडून समजतं. विहीणबाईंना आमचा नमस्कार सांगावा आणि हे पत्र शक्यतो त्यांच्या हाती पडू देऊ नये.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही हसता. तुम्ही हसायला लागलात की माझा मुद्दा जागच्या जागी विरघळतो, आणि या वेळचा मुद्दा माझ्या अब्रूचा आहे. शिवाय हातानं लिहिलेलं मध्येच बंद पडत नाही.

तर झालं असं. गेल्या रविवारी तुमची लेक (म्हणजे आमची सून, पण या प्रकरणात ती पूर्णपणे तुमची लेक आहे) फोनवर बोलता बोलता सहज म्हणाली, की बाबा म्हणतात, तुझे सासरे हरायला लागले की त्यांचा संगणक बरोबर बंद पडतो. ती हसली, मीही हसलो, आणि फोन ठेवल्यावर मला जेवण गेलं नाही. व्याहीबुवा, मी सगळी नोकरी वजनमापे निरीक्षक म्हणून केली. मला रस्त्याच्या टोकाला बघून दुकानदार तराजूवरचा हात काढून घेत. पारड्याखाली चुंबक लावणारा एक बेरकी वाणी मी नुसत्या त्याच्या घाम पुसण्यावरून पकडला होता. अशा माणसावर बुद्धिबळात लबाडी केल्याचा आळ यावा, तोही एका निवृत्त गणितमास्तरांकडून, आणि सुनेच्या मार्फत, हे मला फार लागलं.

तुमच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी तुम्हाला घरी बसवलं, आणि तुमचा वेळ जावा म्हणून आमच्या चिरंजीवांनी आपल्या दोघांच्या संगणकांवर हा खेळ जोडून दिला, तेव्हापासून संध्याकाळी चहा झाला की मी पटावर हजर असतो. माझा हा संगणक कधी थिजतो (म्हणजे चित्र दिसतं, पण प्यादं ढकलावं तर हलत नाही) आणि कधी आपणहून काळा पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. तो शुद्धीवर येईपर्यंत खेळात संपर्क तुटल्याची नोंद होते आणि डाव बरोबरीत सुटल्याचं जाहीर होतं. आता हे बहुतेक वेळा माझा वजीर कोंडीत असतानाच घडतं, हे तुमचं निरीक्षण चुकीचं नाही. मी स्वतःही ते केलं होतं, फक्त तुम्हाला सांगितलं नव्हतं.

पण का घडतं? इथून माझी झोप उडाली. राग दुसऱ्याच दिवशी ओसरला, कुतूहल मात्र काही केल्या जाईना. निर्जीव डब्याला कसं कळतं, की मालक अडचणीत आहे? आधी चिरंजीवांना विचारलं. त्यांनी मला रिस्टार्ट करून बघायला सांगितलं. जो दिवसातून वाटेल तेव्हा स्वतःहून रिस्टार्ट होतो, त्याला मी आणखी काय करायचं ते मला समजलं नाही, तरी मोठ्या पगाराचा सल्ला म्हणून केलं. मग वाटलं, तापत असेल. पंख्याच्या जाळीतली धूळ ब्रशनं काढली; इतकी निघाली की त्यात एक लहान उशी भरली असती. त्या संध्याकाळी तो थंडगार होता आणि तरीही तुमच्या उंटानं माझ्या राजाच्या दिशेनं तोंड वळवताच बंद पडला. मग विजेवर संशय घेतला. फ्रिज बंद ठेवून एक डाव खेळलो. दूध नासलं, डाव तुटला आणि सौभाग्यवती दिवसभर माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

शेवटी तो डबा स्वतः उचलून दुरुस्तीवाल्याकडे नेला. (कंबर ती इथे गेली.) त्याच्याकडे तो दोन दिवस गुण्यागोविंदानं चालला. डॉक्टरच्या दारात पोचलं की जसा आपला खोकला थांबतो, तसा. दुरुस्तीवाल्यानं तो उघडलासुद्धा नाही. म्हणाला, काका, याला काही झालेलं नाही, घरात कोण वापरतं? मला त्याचा प्रश्न आवडला नाही, पण निरीक्षक म्हणून तो प्रश्न बरोबर आहे हे मान्य करावं लागलं. आमच्या हिनं त्याच टेबलावर बसून विणकामाचे व्हिडिओ तासन्‌तास बघितले आहेत, तिला संगणकानं एकदाही दगा दिलेला नाही. म्हणजे दोष डब्यात नव्हता, विजेत नव्हता. शिल्लक मी राहत होतो.

मग मी एक प्रयोग केला, तो मात्र गणितमास्तर म्हणून तुम्ही नीट वाचा. तुमच्याऐवजी मी यंत्राशीच खेळलो. खेळात तशी सोय आहे. यंत्र पापणी लवायच्या आत खेळी करतं आणि दयामाया दाखवत नाही. एका दुपारी मी त्याच्याशी ओळीनं इतके डाव हरलो, की मोजायचे सोडून दिले. संगणक एकदाही थिजला नाही. म्हणजे नुसतं हरणं हे कारण नाही. तुमच्याशी हरणं हे कारण आहे. हा निष्कर्ष मला इतका चमत्कारिक वाटला, की मी स्वयंपाकघरात जाऊन हिला तो दोनदा समजावून सांगितला. ती म्हणाली, बरं, आणि कणीक मळत राहिली.

परवा संध्याकाळी मी पंच नेमायचं ठरवलं. आमच्या खात्यात धाड घालताना साक्षीदार असल्याशिवाय पाऊल टाकत नसत. हिला शेजारी खुर्ची दिली आणि बजावलं, पडद्यावरची नजर हलवू नकोस. तिनं विणकाम आणलं. डाव रंगला. माझा वजीर तुमच्या घोड्यांच्या मधोमध सापडला आणि तुम्ही विचारात पडलात. मी वाट बघत राहिलो. आणि पडदा काळा. मी हिच्याकडे वळून म्हटलं, बघितलंस ना? तर ही पडद्याकडे बघतच नव्हती, टेबलाखाली बघत होती. म्हणाली, तुमचा पाय.

व्याहीबुवा, माझा उजवा पाय हलतो. नुसता हलतो असं नाही, चांगला शिवणयंत्रासारखा चालतो, आणि गुडघा थेट टेबलाखालच्या त्या डब्यावर आपटतो. दुरुस्तीवाल्याला फोन करून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, डब्याची मागची वायर सैल असणार आणि आतली एक पट्टीही. हळू लागलं तर थिजेल, जोरात लागलं तर बंद होईल. आयुष्यभर मी लोकांच्या काउंटरखाली वाकून बघितलं, स्वतःच्या टेबलाखाली एकदाही बघितलं नाही.

त्यामुळे खुलासा असा, की डाव माझ्यामुळेच तुटत होते, पण मी तोडत नव्हतो. माणसासमोर हरण्याची लाज वाटते, यंत्रासमोर वाटत नाही. ती लाज पायात उतरते आणि पाय डब्याला लागतो. हे मी तुम्हाला त्याच संध्याकाळी सांगणार होतो, तेवढ्यात फोनवर तुमचा निरोप आला. ‘असू द्या. समजलं.’ एवढाच. काल चहा घेऊन मी पटावर बसलो, तुम्ही आला नाहीत. आजही नाहीत. समोर तुमच्या सगळ्या सोंगट्या नुसत्या उभ्या आहेत. तुम्ही मला लबाड समजा, ते मी सोसेन, पण संध्याकाळी यायचं सोडू नका. तुम्ही नसलात की चहानंतर काय करायचं, ते मला सुचत नाही.

कळावे, लोभ आहेच, तो तुटलेल्या डावांमुळे कमी होऊ नये.

आपला,
पायानं अपराधी, मनानं निर्दोष व्याही

ता. क. परवाच्या डावात माझा वजीर जाणार होता हे मान्य. मी हरणारच होतो हे अमान्य. तो डाव जिथे थांबला तिथून पुढे खेळावा, आणि शक्य असल्यास माझी त्याआधीची एक खेळी मला परत घेऊ द्यावी. हे पत्र यासाठी लिहिलेलं नाही.

ता. क. २. तुमच्या लेकीला खरा प्रकार कळवावा. मी कळवायला सांगितलं, हे मात्र कळवू नये.

व्याहीबुवा, नमस्कार. यांनी पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं म्हणून खाली चार ओळी लिहिते. पायाचं खरं आहे, कारण मात्र खोटं आहे. हरताना यांचा पाय अजिबात हलत नाही, हरायची यांना चांगली सवय आहे. तुम्ही खेळी करायला वेळ लावलात की तो हलतो. आधी बोटं, मग टाच, मग गुडघा. यंत्र वेळ लावत नाही, म्हणून तिथे पाय गप्प बसला. आणि तुम्ही वेळ लावता तो यांचा वजीर पकडायचा असतो तेव्हाच, म्हणून तुम्हा दोघांनाही ते हरण्यामुळे वाटलं. तुम्ही इस्पितळातून घरी आल्यापासून मी हे बघते आहे. तुमची खेळी आली नाही की मला विचारतात, फोन करून बघू का, आणि मीच म्हणते, थांबा, विचार करत असतील. परवा पडदा काळा पडला तेव्हा यांच्या हातात फोन होता आणि तुमचा नंबर काढलेला होता. वायर मी पक्की करून घेतली आहे, पण पायाला तेवढं पुरायचं नाही. तेव्हा विचार खुशाल करा, हवा तेवढा वेळ घ्या, वजीरही घ्या. फक्त मध्ये मध्ये ‘आहे’ एवढं लिहीत जा.