दोनदा निम्मा केलेला ट्रक

११ मार्च, मंगळवार
तायपेत बैठक. अकरा माणसं, चहा गार, मी मात्र रंगात! विषय मियाओलीच्या डोंगरातला, मी आखलेला पूल. एक एप्रिलपासून त्यावरून खडीचे अवजड ट्रक जाणार. तपासणीच्या झान बाई म्हणतात, कडेच्या तुळईवर येणारा भार माझ्या आकड्याच्या दुप्पट आहे.
"बाई, तुम्ही ट्रक मोजलेत की हत्ती?"
हशा! आमचे वरिष्ठ, 'तू' आडनावाचे साहेब, तर ठसका लागेपर्यंत हसले. बाईंनी फाइल मिटली. "हिशेब एकदा पुन्हा बघा, जिएन साहेब." एवढंच.

१२ मार्च
बाईंना झणझणीत उत्तर लिहायला बसलो. आकडे तोंडावर फेकावेत म्हणून माझा हिशेबाचा जुना तक्ता उघडला.
पाच तुळया, वर स्लॅब. ट्रक एकीवर आला तरी स्लॅब भार वाटून देतो — एकत्र कुटुंबासारखा. कडेच्या तुळईला शेजार एकाच बाजूचा, तिची दैना वेगळी. कोणाच्या वाट्याला किती, ते गुणक सांगतो. जुन्या नियमांतला गुणक ट्रकच्या एका बाजूच्या चाकांना लावायचा, म्हणून आमची पिढी ट्रक आधी निम्मा करते. डोळे मिटून! नव्या नियमांतला गुणक अख्ख्या ट्रकला लावायचा. निम्मं करणं त्यातच आलं.
मी गुणक नवा घेतला. आणि सवयीने ट्रकही निम्मा केला.
बाईंचा आकडा बरोबर आहे.

१३ मार्च
नाही सांगितलं.

१५ मार्च, शनिवार
पुलावर जाऊन आलो. शाळेची बस पलीकडे पोचेपर्यंत श्वास रोखून उभा. स्ट्रॉबेरीवाली मावशी म्हणाली, "काय साहेब, पडतोय का बघायला आलात?" थट्टाच करत होती. एरवी मी दोन टोले परत दिले असते. एक टोपली घेतली नि निघालो. गाडीत बसून खाल्ल्या. चव लागली नाही.

१७ मार्च
झान बाईंकडे गेलो. पाठ केलेली वाक्यं दारातच विसरलो. कसंबसं सांगितलं.
"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "बैठकीआधी तीनदा फोन केला तुम्हाला. चारचौघांत नको म्हणून."
उचलला नव्हता. नाव बघून! 'आली कटकट' म्हणत उपडा ठेवला होता.
"पत्र लगेच द्या. अवजड ट्रक थांबवा, तुळई बळकट करता येईल." मग थांबून, "हा तक्ता आणखी कोणाला दिलाय?"
"मागेल त्याला. प्रशिक्षणात वाटतो." हे मी आजवर छाती काढून सांगायचो.

१८ मार्च
पत्र गेलं. तू साहेब: "अरे, टंकलेखनाची चूक म्हण की! कोण बघतंय?" नाही म्हटलं. चूक माझी, सही माझी. आज बऱ्याच दिवसांनी झोप लागेल — जरा हलकं वाटतंय.

१९ मार्च
तक्ता नेलेल्या एकोणीस जणांना फोन केले. त्यावर सहा पूल उभे आहेत. चौघांना तेव्हाच शंका आली होती.
त्यातल्या एकाला म्हटलं, "मग विचारलं का नाहीस?"
"सर, भर बैठकीत सोलता तुम्ही. कोण विचारणार?"