आजीची नवमी

अण्णा, उद्या तुमच्या आईची, म्हणजे आमच्या आजीची, नवमी आहे. सकाळीच धाकट्याचा फोन आला. "आक्का, यंदा सवाष्ण कुणाला सांगायची? मागल्या सालच्या काकूला गुडघ्यानं खाली बसता येईना झालंय." मी म्हणाले, तिलाच सांग, खुर्ची दे, खुर्चीवर बसून जेवंल. तो हसला आणि फोन ठेवला. मी भाजी निवडत होते ती तशीच सोडून हा कागद पुढे ओढला. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मागच्या महिन्यात चकलांब्याची आत्या गेली, तुमच्या मामांची लेक. तिच्या दहाव्याहून परत येताना एसटीत एकदम लक्षात आलं, की जे आम्हा दोघींना माहीत होतं ते आता माझ्या एकटीपाशी उरलंय. महिनाअखेरीला मी रिटायर होतेय. हे असं पोटात घेऊन घरी बसणं माझ्याच्यानं व्हायचं नाही.

आपलं ते पत्र्याचं सैपाकघर आठवतं मला. पितरांच्या पंधरवड्यात आई सकाळपासून चुलीपुढे असायची. भोपळ्याची भाजी, कढी, भजी, गव्हाची खीर. नवमीला गावातली एक सवाष्ण जेवायला यायची, आई तिचे पाय धुवायची, ओटी भरायची. आजी कुंकवानिशी गेली होती ना, आणि नवरा जिता असताना गेलेल्या बाईचं पितर नवमीलाच असतं. मग अमावस्येला पणजोबाचं पान, पणजीचं पान. आजोबाचं पान कधीच नसायचं. मी सहावीत असेन. भज्यांचा वास सुटलेला, पोटात कावळे ओरडत होते, काय बोलावं याची अक्कल नव्हती. विचारलं, "अण्णा, आजोबाचं पान कावून न्हाई?" तुमचा घास हातातच राहिला. "जित्याला कुणी पितर घालतं का? बसलाय तिकडं दुसरीच्या हातचं खात. पुन्ना त्याचं नाव काढलं तर थोबाड फोडीन." आई मान खाली घालून भजी तळत राहिली. तुम्ही मला कधी बोट लावलं नाहीत, पण त्या दिवशी तुमचे डोळे बघून वाटलं, याच्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं. मी न जेवताच उठले.

आम्हा पोरांना माहीत होतं ते इतकंच. दुष्काळात आजोबा आणि मामा, दोघं मेहुणे, गोदावरीच्या काठाकाठानं खाली तेलंगणात गेले, कोळशाच्या खाणीवर कामाला. तुम्ही तेव्हा रांगत होता. वर्षभरानं मामा एकटेच परत आले. "दाजी तिकडंच राहिले," एवढं बोलले आणि गप झाले. पुढचं सगळं गावानं जोडलं. कुणी म्हणालं बाई ठेवली, कुणी म्हणालं दोन लेकरं झाली, कुणाच्या तर पाव्हण्यानं बाजारात डोळ्यांनी बघितलं होतं. मामांनी कधी हो म्हटलं नाही आणि नाही तर मुळीच म्हटलं नाही. तुमचं शेत त्यांनी नांगरलं, तुम्हाला खांद्यावर बसवून शाळेत नेलं, तुमच्या लग्नाचा मांडव स्वतः घातला. तुम्ही देव मानायचा त्यांना, आणि बापाला शिव्या घालायचा. आजी मात्र रोज अंघोळ झाली की आरशाचा तुकडा घेऊन रुपयाएवढं कुंकू लावायची आणि मग चुलीशी जायची. ती गेली तेव्हा मी तिसरीत होते. माहेरचं हिरवं लुगडं मामांनीच आणलं. आजीला नेसवलं, मळवट भरला, आणि तो दांडगा म्हातारा तिच्या पायाशी बसून कपाळ बडवून घेत "बाई, माफी कर गं मला" म्हणत रडला. लोक म्हणाले, लई जीव होता भावाचा.

मला तहसिलात कारकुनाची ऑर्डर आली त्या रविवारी तुम्ही उमापूरच्या बाजारातून पेन आणला, निळ्या टोपणाचा. माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "लोकांच्या जमिनी तुमच्या कागदावर असत्यात. कागदावर खोटं लिहू न्हाई." चहासुद्धा न घेता शेतात निघून गेलात. मला तर रडूच फुटलं होतं, तुम्ही बघायला थांबला नाहीत.

तुम्ही आजारी पडलात त्या वर्षी आमच्या रेकॉर्डरूममध्ये जुनी दप्तरं स्कॅन करायचं काम निघालं. निजामाच्या वेळचे कागद सगळे उर्दूत. ते वाचायला एक रिटायर मास्तर यायचे, पान खायचे, मोठ्यानं वाचायचे आणि मी मराठीत विषय लिहून घ्यायचे. एका दुपारी ते आपल्या गावाचं नाव वाचून थांबले. "बाई, ये तुम्हारा गाँव है ना?" खाणीकडून आलेलं पत्र होतं. खाणीत पाणी फुटलं, खाली उतरलेली माणसं मेली, त्यात तुमच्या गावचा अमुक एक, अमुक नंबरच्या बिल्ल्याचा, त्याच्या वारसांना कळवावं. नाव तुमच्या मामांचं. बापाच्या नावासकट. आणि खाली आपल्या गावच्या पाटलाचा जबाब, की सदर इसम हयात असून गावात हजर आहे, सबब वारसांचा प्रश्न येत नाही. शेजारी मामांचा अंगठा. मास्तर हसले, म्हणाले, सरकारनं जित्या माणसाला मारलं. मी हसले नाही. मामा जिते होते हे तर मला माहीतच होतं. पण त्यांच्या बिल्ल्यावर खाली मेलं ते कोण?

दुसऱ्या दिवशी रजा टाकून चकलांब्याला गेले. आत्या अंगणात शेंगा फोडत होती. मी कागदाचं सांगितलं तशी तिनं सूप बाजूला सारलं. "घावला म्हण की कागुद," म्हणाली. मग सांगितलं. खाणीत उतरताना प्रत्येकाचा पितळी बिल्ला दारावर घेत, नंबरवरून कोण खाली आहे ते कळायचं. "माझ्या बाला ताप भरलता. खाडा पडला तर कामावरून काढत्यात. तुजा आजा म्हनला, तू नीज, माझी पाळी रातची हाय, आत्ता तुझ्या बिल्ल्यावर मी जाऊन येतो. त्यो गेला आन वरून पानी आलं. बा तसाच तापात चालत घरी आला, नदीच्या काठानं." मी विचारलं, "मग सांगितलं कावून न्हाई आजीला?" आत्या माझ्यावरच खेकसली. "काय सांगावं? दारात बहीण हुबी, कडंवर लेकरू, कपाळाला एवढं कुंकू. भावानं आपल्या हातानं पुसावं ते? तोंडातून निघालं, तिकडंच ऱ्हायले. बा म्हनला, उंद्या सांगतो. उंद्याचा उंद्या. मरताना माझ्यापाशी बोलला."

परत येताना मला मामांचा असा राग आला, की म्हातारा पुढ्यात असता तर मी त्याला दोन शब्द सुनावले असते. अरे, तुझ्या जागी मेला तो! त्याच्या पोरानं त्याला जन्मभर शिव्या घातल्या आणि तू त्याच पोराला मांडीवर घेऊन ऐकत बसलास? एक शब्द बोलला असतास तर माझ्या बापाला बाप मिळाला असता. ठरवलं, अण्णांना सांगायचं. उद्या सांगायचं.

तुम्ही तेव्हा ओसरीत बाजेवर असायचा. उशाशी भिंतीवर मामांचा फोटो, त्याला आईनं घातलेला चंदनाचा हार. सकाळी डोळा उघडला की तुम्ही पहिल्यांदा त्या फोटोला हात जोडायचा. अकरा दिवस मी रोज तुमच्यापाशी बसले आणि रोज उठून गेले. बाराव्या दिवशी तुम्हीच विचारलंत. मी पेज भरवत होते. "निजामाची कागदं बघती म्हनं तू. त्याचं काई घावलं का?" उभ्या जन्मात पहिल्यांदा तुम्ही शिवी न घालता त्यांच्याविषयी बोललात. मी त्या फोटोकडे बघितलं, तुमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "न्हाई, अण्णा."

तुम्ही पत्र्याकडे बघत म्हणालात, "मंग असंल. असंल कुटंतरी." आणि तुमचा चेहरा असा निवळला, अण्णा, की मी पेजेची वाटी खाली ठेवली. नव्वदी ओलांडलेला बाप कुठंतरी असेल म्हणून तुम्ही सुखावला होता. जित्याला पितर घालत नाहीत, ते रागानं नव्हतंच. तुम्ही वाट बघत होता. आणि मी वेडी, इतकी वर्षं त्याला राग समजत आले. तीन दिवसांनी तुम्ही गेलात.

कागदावर खोटं लिहू न्हाई, तुम्ही म्हणाला होतात. नोकरीत एक ओळ खोटी लिहिली नाही. जे खोटं बोलले ते तोंडानं, तुमच्या तोंडावर. बारा वर्षं अमावस्येला मी माझ्या घरी एक पान जास्त वाढते, आजोबांसाठी. कुणी विचारलं तर म्हणते, गाईला काढलंय. आणि उद्या धाकटा पुन्हा नवमी करील. आजीला कुंकू लावायला मिळालं ती तीसेक वर्षं तिच्या नवऱ्याच्या मरणानंतरची होती हे त्याला ठाऊक नाही. तिचं पितर दुसऱ्या तिथीला हवं, आणि तिच्या शेजारी एक पान हवं, हे मोठ्या बहिणीनं सांगायला पाहिजे. आता तर सांगणारं दुसरं कुणी उरलंही नाही.

आज सकाळी फोनवर तेच सांगायचं होतं, अण्णा. म्हणलं, "धाकट्या, ऐक, नवमीचं एक बोलायचंय." तो म्हणाला, बोल की. आणि माझ्या तोंडातून खुर्ची निघाली.